खंडणी-अपहरण-खुनाच्या खटल्यात पंच म्हणून समन्स आलंय. कोर्टात नक्की काय विचारतात?

रिवाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. लिहायला जरा उशीरच झालाय, तारीख पुढच्या महिन्यात आहे.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पोलीस स्टेशनच्या भिंतीला लागून. या शेजारापायीच सगळं घडलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या भागातला नऊ वर्षांचा मुलगा शिकवणीहून परतताना उचलला. रात्री वडिलांना फोन, २० लाख पाहिजेत. चौथ्या दिवशी पोरगं दगडाच्या खाणीतल्या पाण्यात सापडलं. दोघांना पकडलं. त्यातला एक त्या घरी येऊन जाऊन असायचा.

पकडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार दुकानात आले. म्हणाले, चला, दोन मिनिटांचं काम आहे, सही करायची. मी एक पाणबुडी मोटार खोलून बसलो होतो, तार अर्धी भरलेली. दोन मिनिटांचे संध्याकाळचे पाच वाजले.

स्टेशनात आरोपी आधीच बसलेला होता. साहेब त्याला म्हणाले, "हां, आता यांच्यासमोर सांग परत." तो खाली बघून म्हणाला, "दप्तर आणि फोन खाणीच्या मागं लपवलाय, दाखवतो." हवालदारांनी लिहून घेतलं, मी आणि दुसऱ्या पंचाने (कुरिअरवाला पोरगा) सह्या केल्या. मग जीप. खाणीमागे करंजाचं झुडूप आहे, तिथे तो स्वतः वाकला आणि खताची रिकामी गोणी ओढून काढली. आत दप्तर, निळं. किंवा निळसर राखाडी. आणि एक बटणांचा मोबाईल, मागचं झाकण नसलेला. पाऊस होऊन गेलेला, माझी चप्पल चिखलात रुतली आणि पट्टा तुटला. चप्पल लख्ख आठवते. बाकीचं धूसर.

माझी अडचण त्या "परत" शब्दाची आहे. म्हणजे तो आधी पोलिसांना सांगून बसला होता, मला फक्त दुसऱ्यांदा ऐकवलं. हे कोर्टात सांगितलं तर केस ढिली पडेल का? आणि नाही सांगितलं तर ते खोटं होतं का? पंचनामा आधी वाचायला मिळतो का? रंग आठवत नाही म्हटलं तर मला फितूर ठरवतील का?

अजून एक. दोघांतला एक जामिनावर बाहेर आहे. मागच्या आठवड्यात दुकानासमोर गाडी लावून दहा मिनिटं नुसता बसून राहिला. बोलला काहीच नाही.

बघ्या

सरळ सांगा, काही आठवत नाही, सही पोलिसांनी घेतली, कागद वाचून दाखवला नाही. माझ्या मेव्हण्याने हेच केलं, वीस मिनिटांत बाहेर. पंचाला ना पगार ना पेन्शन, कशाला अंगावर घेताय?

मिरचीपूड

बघ्या, लाज बाळगा. नऊ वर्षांचं लेकरू होतं. आणि रिवाइंडिंगवाले दादा, ते "परत" बिरत काही बोलू नका. दप्तर निळं म्हणजे निळं, ठणकावून सांगा. पंचनाम्यात असेल ते पाठ करून जा. असल्यांना फाशी ठरलेली आहे, तुमच्या एका शब्दाने सुटायला नकोत.

निवृत्त लघुलेखक

वरचे दोन्ही सल्ले एकाच माळेचे मणी आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. ३१ वर्षं सत्र न्यायालयात साक्षी उतरवून घेतल्या. त्यातले खंडणीसाठी पळवून मारल्याचे खटले सात. साक्षीदाराचं तोंड मी फारसं पाहिलेलं नाही, कारण मान कायम यंत्रावर. पण आवाजावरून कळायचं कोण पाठ करून आलाय ते. पाठ केलेला साक्षीदार सरतपासणीत (सरकारी वकिलांच्या प्रश्नांत) घोड्यासारखा धावतो आणि उलटतपासणीत पहिल्याच खड्ड्यात पडतो. "दप्तर निळं होतं" असं ठणकावलंत ना, की आरोपीचा वकील अगदी गोड आवाजात विचारणार: कप्पे किती होते? चेन कुठल्या रंगाची? शाळेचं नाव छापलेलं होतं? तुमचा त्या दिवशीचा शर्ट कुठला होता? सहा वर्षांपूर्वीच्या दप्तराची चेन आठवणारा माणूस स्वतःच्या शर्टापाशी अडकला की न्यायाधीशसाहेब पेन खाली ठेवायचे. तो आवाज मी ओळखायचो.

आता तुमच्या साक्षीला एवढं वजन का, ते समजून घ्या. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पुरावा कायद्याचं कलम २५. आरोपी पोलिसांना शंभर वेळा "मी मारलं" म्हणाला तरी ते शून्य. फक्त कलम २७ ची एक फट ठेवलेली आहे. त्याने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेलं तेवढंच वाक्य पुराव्यात येतं. कोट्टया नावाच्या आरोपीच्या खटल्यातला प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) निकाल स्वातंत्र्याआधीचा, अजूनही रोज वाचला जातो. "चाकू छपरात लपवलाय" हे येतं, "त्याच चाकूने भोसकलं" हे येत नाही. तुमच्या आरोपीचं वाक्य बघा: "दप्तर आणि फोन खाणीच्या मागं लपवलाय, दाखवतो." अख्खं वाक्य फटीतून आत येण्यासारखं आहे. ते कानांनी ऐकणारे पोलिसांबाहेरचे दोनच जण, तुम्ही आणि तो कुरिअरवाला.

"परत" चं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका फाशीच्या खटल्यात आरोपीला निर्दोष सोडलं. त्या निकालात हाच विषय आहे. पंचांना आधी ठाण्यात बोलवा, त्यांच्यासमोर आरोपीला बोलू द्या, त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा, मग सगळे मिळून जागेवर जा, असं न्यायालयाने तपासी अंमलदारांना बजावलं. तुमच्याकडे आरोपी तुमच्यासमोर बोलला, तुमच्यासमोर लिहिलं गेलं, तुमच्यासोबत जागेवर गेला आणि स्वतः वाकून गोणी काढली. चारही गोष्टी तुम्ही पाहिल्यात. त्याआधी तो पोलिसांना काही बोलला असेल तर त्याचं उत्तर तपासी अंमलदार देईल. त्यासाठी तुम्ही तुमचा जीव का खाली-वर करताय? वकिलाने विचारलं, "तुम्ही जाण्याआधी पोलिसांची आणि त्याची बोलणी झाली होती का?" तर, "मी गेलो तेव्हा तो बसलेला होता. साहेब परत सांग म्हणाले. आधी काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही." एवढंच. हे लपवून दुसऱ्या पंचाने सांगितलं तर तुमची करंजाच्या झुडपाची गोष्टही संशयात जाईल.

पंचनामा वाचायला मिळतो. त्या दिवशी सकाळी सरकारी वकिलांना किंवा कोर्टातल्या पैरवीच्या (पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघणाऱ्या) हवालदाराला भेटा. कलम १५९ प्रमाणे स्मरण ताजं करायला साक्षीदाराला स्वतःच्या समक्ष झालेला कागद बघता येतो. "सकाळी वाचून आलात ना?" असं विचारतीलच. हो म्हणा. तिथे नाही म्हणणारे इतके पाहिलेत! गरजच नसलेलं खोटं.

आठवत नाही म्हटल्याने कुणी फितूर ठरत नाही. सरकारी वकिलाला वाटलं की साक्षीदार आधीच्या म्हणण्यावरून पलटलाय, तर तो कोर्टाची परवानगी मागून त्याचीच उलटतपासणी घेतो, कलम १५४. त्यातही सगळी साक्ष केराच्या टोपलीत जात नाही, पटेल तेवढी कोर्ट घेतं. बघ्या, तुमच्या मेव्हण्याला वीस मिनिटं लागली खरी, पण शपथेवर खोटं बोलण्याला दंड विधानाचं कलम १९३ होतं, आता नव्या न्याय संहितेचं २२९ आहे, सात वर्षांपर्यंत. सहसा लावत नाहीत ही गोष्ट वेगळी.

मुद्देमाल ओळखायला देतील तेव्हा थोडं मन घट्ट ठेवा. हे कुणी आधी सांगत नाही. लाखेचं सील फोडतात, खाकी कागद उलगडतो, वर तुमच्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली असते, शाई उडालेली. माझ्या चौथ्या खटल्यात तसंच दप्तर होतं. साडेतीन वर्षं मुद्देमालाच्या खोलीत पडून कापडाला बुरशीचा वास सुटलेला. चित्रकलेची वही निघाली, पानं एकमेकांना चिकटलेली. पंच म्हणजे चांगला पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर, त्याला शब्द फुटेना. साहेबांनी पाणी मागवलं. मलाही यंत्रावर काय मारावं कळेना, कारण रडण्याला लघुलिपीत खूण नाही. शेवटी साहेबांनी स्वतः लिहवून दिलं, "साक्षीदार भावनावश झाल्याने पाच मिनिटे थांबविण्यात आले." रंगाचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. दप्तर समोर असतं. चिठ्ठीवरची सही तुमची आहे का एवढं बघा, आणि वस्तू तशीच दिसते का ते सांगा.

साक्ष संपली की लगेच सही ठोकू नका. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७८ प्रमाणे ती वाचून दाखवायची असते. तुम्ही म्हणता "गोणी त्याने काढली" आणि कागदावर येतं "गोणी काढण्यात आली". या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी स्वतः एकदा असंच टंकलेलं आहे. साक्षीदाराने बोट ठेवून थांबवलं, म्हणून निभावलं.

आणि त्या कुरिअरवाल्या पोराशी बसून जुळवाजुळव करू नका. दोघांचं शब्दाला शब्द जुळलं की वकिलाला आयतं कोलीत.

काळा कोट

काकांचं सगळं बरोबर, दोन गोष्टी जोडते. गुन्हा २०१९ चा आहे म्हणून भारतीय दंड विधानच लागणार: ३६४-अ (खंडणीसाठी अपहरण), ३०२ (खून), २०१ (पुरावा नष्ट करणं), कट असेल तर १२०-ब. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिथे खून १०३ मध्ये आणि खंडणीसाठी अपहरण १४०(२) मध्ये गेलंय. पण जुने गुन्हे जुन्या कायद्यानेच चालतात. कोर्टाच्या बोर्डावर जुनी कलमं दिसली तर गोंधळू नका.

३६४-अ हे कलम १९९३ मध्ये आलं. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, मुलगा जिवंत परत आला तरीही. म्हणूनच ते सिद्ध करणं कडक आहे. नुसतं पळवलं आणि पैसे मागितले, एवढ्याने भागत नाही. जिवाला किंवा शरीराला इजा करण्याची धमकी, किंवा तशी वाजवी भीती निर्माण करणारं वर्तन, किंवा प्रत्यक्ष इजा, यातलं काहीतरी सिद्ध व्हायला लागतं. तेलंगणातल्या एका रिक्षावाल्याच्या खटल्यात, २०२१ मध्ये, नेमकं तेच सिद्ध झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३६४-अ काढून ३६३ (साधं अपहरण) खाली सात वर्षं दिली. तिथे मुलगा सुखरूप परतला होता. इथे दुर्दैवाने इजेबद्दल वाद उरत नाही. वाद उरतो तो "हेच दोघे का" यावर. डोळ्यांनी पाहणारा कुणी नसेल तर साखळीच जोडावी लागते, आणि शरद सारडा खटल्याचा निकाल (१९८४) म्हणतो त्याप्रमाणे प्रत्येक कडी पक्की पाहिजे. शेवटचं एकत्र कुणी पाहिलं, खंडणीचा फोन कुठल्या टॉवरखालून झाला, तो फोन कुठे सापडला. तिसरी कडी तुम्ही.

दुसरी कडी कशी तुटते ते मी स्वतः भोगलंय. एका खटल्यात मी मुलाच्या वडिलांच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत करत होते. कॉलच्या नोंदींचा गठ्ठा हजर, पण सोबत ६५-ब चं (संगणकातल्या नोंदी खऱ्या असल्याचं) प्रमाणपत्र नाही. ते लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातच पक्कं केलं. ते मिळवण्यात चार तारखा गेल्या. प्रत्येक तारखेला वडील तीन तासांचा एसटी प्रवास करून यायचे आणि मी त्यांना सांगायचे, आज एक कागद यायचाय.

मिरचीपूड, "फाशी ठरलेली" असं काही नसतं. नागपुरात २०१४ मध्ये आठ वर्षांच्या मुलाला खंडणीसाठी पळवून मारलं होतं. २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना फाशी दिली, त्याच वर्षी नागपूर खंडपीठाने ती कायम केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण फाशीची जन्मठेप केली, २५ वर्षं कोणतीही सूट न देता. तमिळनाडूतल्या सात वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात २०२३ मध्ये असंच, २० वर्षं सूट नाही. उलट पंजाबात २००५ मध्ये शाळकरी मुलाला पळवून मारलं, तिथे फाशी २०१० मध्ये कायम झाली होती. बच्चन सिंग खटल्यापासून (१९८०) विरळातलं विरळ ही कसोटी आहे, आणि ती तुमच्या-माझ्या संतापावर चालत नाही. मला स्वतःला २५ वर्षं सूट नाही हा मधला रस्ता पटतो. इथे अनेकांना पटणार नाही, चालेल.

रिवाइंडिंगवाला

काका, ताई, खूप आभार. डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं. त्या गाडीवाल्याचं काय करू? बायको म्हणते दुकान महिनाभर बंद ठेव.

काळा कोट

दुकान बंद ठेवू नका. आधी लेखी द्या: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कुठे उभी होती. एक प्रत तपासी अंमलदाराला, एक सरकारी वकिलांना, पोच घ्या. २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचं बळ दिलंय. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे जातो, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि त्यावरून बंदोबस्त, दुकानापाशी गस्त, साक्षीच्या दिवशी ने-आण असं काही ठरतं. साक्षीदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे (आधी १९५-अ, आता न्याय संहितेचं २३२) आणि जामीन रद्द करायला सरकारी वकिलांना आयतं कारण मिळतं. "नुसता बसला होता" हे धमकीत मोडतं की नाही ते कोर्ट ठरवेल. तुम्ही "नुसता बसला होता" एवढंच लिहा, "खुन्नस दिली" वगैरे घालू नका.

वाट पाहणारी

इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. माझ्या भाच्याच्या खटल्यात तीन पंच होते. एक म्हणाला काही आठवत नाही. दुसऱ्याने मनाचं बरंच जोडलं. तिसऱ्या बाई होत्या, पिठाची गिरणी चालवणाऱ्या. त्यांना चार गोष्टी विचारल्या, दोन आठवल्या नाहीत, तसं त्या म्हणाल्या. निकालात त्यांचं नाव अकरा वेळा आलंय. मी मोजलंय.

दादा, तुम्ही पुकाऱ्याची वाट बघत बाहेर बाकावर बसाल तेव्हा त्या मुलाच्या घरचे शेजारीच असतील. आरोपीच्या घरचेही तिथेच असतात, जागा तेवढीच असते. आमच्याशी बोलायला हवं असं वाटून घेऊ नका. आम्हाला वाईट वाटत नाही.

निवृत्त लघुलेखक

ताई, वाचलं.

रिवाइंडिंगवाला

झाली साक्ष. पहिल्या तारखेला नाही झाली, वकिलांनी मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला साडेबारा वाजता पुकारा झाला, पावणेतीनला बाहेर. मधे जेवणाची सुट्टी.

गाडीचा अर्ज दिला होता. त्या दिवशी साध्या वेशातला एक हवालदार सोबत होता. गाडी पुन्हा दिसली नाही.

सरकारी वकिलांचं पंधरा मिनिटांत आटोपलं. दप्तर राखाडी निघालं. निळी फक्त पट्टी होती. मी आतल्या आत म्हटलं, मिरचीपूड, तुमचं ऐकलं असतं तर! फोनचं झाकण नव्हतंच. चिठ्ठीवरची सही माझीच, फक्त तेव्हा मी नावाखाली रेघ ओढायचो, आता ओढत नाही. हे मी आपणहून सांगितलं.

आरोपीच्या वकिलांनी पाऊण तास घेतला. मला वाटलं होतं ते ओरडतील. अजिबात नाही, काका म्हणाले तसा गोड आवाज. दुकान स्टेशनला लागून आहे ना, हो. पोलिसांच्या मोटारी दुरुस्त करता ना, त्यांच्या बोअरची एकदा केली, बिल घेतलं. याआधी पंच झालात का, नाही. मग "परत". "तुमच्यासमोर साहेबांनी आरोपीला परत सांग असं म्हटलं, हे खरं आहे का?" खरं आहे म्हटलं. त्यांनी थोडं थांबून बघितलं. बहुतेक मी नाकारीन असं धरून आले होते, कारण पुढचे दोन कागद त्यांनी उलटे करून ठेवले. मग शेवटी, "गोणी पोलिसांनी काढली आणि तुम्ही खोटं सांगताय." मी म्हटलं, त्याने काढली. माझी चप्पल तेव्हा चिखलात होती, मी एका पायावर उभा राहून बघत होतो. न्यायाधीशबाईंनी चप्पल सुद्धा लिहून घेतली.

वाचून दाखवताना खरंच "गोणी काढण्यात आली" होतं. दुरुस्त करून घेतलं.

बाकावर कोण कोण होतं ते लिहीत नाही.

रात्री कुरिअरवाल्या पोराचा फोन आला. त्याचं समन्स पुढच्या आठवड्याचं आहे, काय काय विचारलं सांगा म्हणाला. सांगितलं नाही. तुझं झालं की हा धागा पाठवतो म्हटलं. जरा रागावलाय.